फसवणुकीपासून ज्येष्ठांना वाचवण्याचा खर्च: रुपयांत किती, मानात किती

वडिलांचं नेटबँकिंग बंद करायला एक रुपयाही लागत नाही. आईच्या खात्यावर स्वतःचं नाव जोडायला एक फॉर्म आणि केवायसीची कागदपत्रं पुरतात. स्मार्टफोन काढून साधा फोन हातात द्यायचा, तर दीड-दोन हजारांत काम होतं. तरीही हे उपाय महाग पडतात, कारण त्यांची खरी किंमत घरातलं ज्येष्ठ माणूस भरतं. चाळीस वर्षं संसाराचा हिशेब एकहाती सांभाळलेल्या बाईला भाजीच्या पैशांसाठी मुलाला विचारावं लागलं, तर ती किंमत कुठल्याही बिलावर दिसत नाही.

हा केवळ भावनेचा मुद्दा नाही. भामट्यांचं सगळं भांडवल म्हणजे गुपित. "घरात कोणाला सांगू नका" हे त्यांचं पहिलं वाक्य असतं. पासबुक काढून घेतील या धास्तीने आई संशयास्पद फोन तुमच्यापासून लपवू लागली, तर तुम्ही नकळत भामट्याचंच काम सोपं केलेलं असतं. म्हणून या मार्गदर्शनाचा नियम एकच आहे: धोका जेवढा, तेवढाच लगाम. आधी धोका जोखायचा आणि मग सर्वांत कमी मान दुखावणारा उपाय पहिल्यांदा करायचा.

खाली दिलेले खर्च अंदाजे आहेत. बँक आणि शहर बदललं की आकडे थोडे पुढेमागे होतील.

धोका कसा जोखायचा

वय हे सर्वांत कच्चं माप आहे. पंच्याऐंशीव्या वर्षी शेअरचे भाव तोंडपाठ सांगणारे आजोबा असतात आणि बासष्टाव्या वर्षी, जोडीदार गेल्यावर, पहिल्यांदाच एटीएमसमोर उभ्या राहणाऱ्या मावशीही असतात. शिक्षणाचं मापही फसवं ठरतं. 'डिजिटल अटक' या प्रकारात निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक मोठ्या संख्येने सापडले. आयुष्यभर नियमाने चाललेल्या माणसाला सरकारी आवाजाचा धाक लवकर बसतो, हे भामट्यांना पक्कं ठाऊक असतं.

त्यापेक्षा पुढच्या गोष्टी पाहा:

• गेल्या वर्षभरात काय बदललं? जोडीदाराचं निधन, मोठी शस्त्रक्रिया, मुलांचं परदेशी जाणं, निवृत्तीची किंवा घर विकल्याची रक्कम हातात येणं. यातलं काहीही घडलं असेल, तर पुढचं वर्ष-दीड वर्ष जपण्याचं.

• दिवसातून किती जणांशी मनमोकळं बोलणं होतं? कोणीच विचारपूस करत नसेल, तर रोज "काका, जेवलात का?" म्हणून फोन करणारा अनोळखी गुंतवणूक सल्लागारही आपला वाटू लागतो.

• पैशाचा व्यवहार आतापर्यंत कोण पाहायचं? तो पाहणारं माणूस गेलं असेल, तर उरलेल्याला ठेवी कुठे आहेत इथपासून सुरुवात करावी लागते.

• ऐकू कमी येतं का? बारीक अक्षर दिसतं का? नीट ऐकू न आल्यावर "हो, हो" म्हणून फोन संपवण्याची सवय महागात पडते.

• आधी कधी फसले आहेत का? एकदा फसलेल्यांचे नंबर भामट्यांच्या यादीत पुन्हा पुन्हा फिरतात.

• फोन आला की उठून दुसऱ्या खोलीत जाणं, विचारलं की चिडणं, अचानक मुदत ठेव मोडणं, अनोळखी नावांना रक्कम जाणं. ही लक्षणं दिसली तर प्रकार कदाचित सुरूही झालेला असेल.

• आधी जमणारा हिशेब आता जमेनासा झालाय का? इथे तुलना शेजारच्या काकूंशी करू नका, त्याच व्यक्तीच्या दोन वर्षांपूर्वीच्या वागण्याशी करा. ज्यांना वीजबिल ऑनलाइन भरणं कधीच आलं नाही, त्यांना आजही आलं नाही तर चिंतेचं कारण नाही. दर महिन्याला वहीत पै-पैचा जमाखर्च लिहिणाऱ्या बाबांनी तेच बिल दोनदा भरलं, तर मात्र आहे.

हे सगळं परीक्षेसारखं विचारू नका. "आई, तू लाइटबिल कसं भरतेस ते मला दाखव ना" म्हणून शेजारी बसा. बँकेचा एसएमएस त्यांना वाचून अर्थ सांगता येतो का, पिन कुठे लिहून ठेवलाय, व्हॉट्सॲपवर आलेली फाइल त्या सहज उघडतात का, हे अर्ध्या तासात कळतं.

उपाय पुढे तीन पायऱ्यांत दिले आहेत. वरच्या यादीतलं काहीच लागू नसेल, तर पहिली पायरी पुरे. एक-दोन गोष्टी लागू असतील, तर दुसरी. हिशेबातला बदल ठळक असेल किंवा अलीकडेच फसवणूक झाली असेल, तर तिसरी.

सध्याचे सापळे आणि त्यांची खूण

डिजिटल अटक: "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत" किंवा "तुमचं आधार मनी लाँडरिंगमध्ये वापरलंय" इथून सुरुवात होते. मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, बनावट कोर्ट, तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवणं, आणि शेवटी "पडताळणीसाठी" सगळी रक्कम एखाद्या खात्यात भरायला लावणं. अशी अटक कुठल्याही भारतीय कायद्यात नाही. पोलिसांनी हजर राहण्याची नोटीससुद्धा व्हॉट्सॲपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं. पुढे अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याच्या तक्रारीवरून न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

या प्रकारातली सर्वांत पक्की खूण घरात सगळ्यांना पाठ करवा. मोठी रक्कम पाठवायला माणूस शाखेत जातो, तेव्हा भामटा आधीच पढवून ठेवतो की बँकेत विचारलं तर जागा घेतोय किंवा ऑपरेशन आहे असं सांगा. बँकेशी खोटं बोलायला सांगणारा माणूस सरकारी असूच शकत नाही. आणखी पुरावा शोधायची गरज नाही.

एपीके फाइल: लग्नाची पत्रिका, आरटीओचं चलान, बँकेची केवायसी अशा नावाने व्हॉट्सॲपवर फाइल येते. उघडली की फोनमधले एसएमएस, म्हणजे ओटीपीही, दुसरीकडे जाऊ लागतात. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी 'एपीके' असेल, तर हात लावायचा नाही.

वीजजोडणी: "आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा." महावितरण खासगी मोबाइल नंबरवरून असा निरोप पाठवत नाही. शंका असेल तर १९१२ वर विचारा.

हयातीचा दाखला: दाखला थकल्याने पेन्शन थांबेल असं सांगून ओटीपी मागतात. पेन्शन कार्यालय फोनवरून दाखला भरून घेत नाही.

जादा परतावा: ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के आहे. मोजपट्टी म्हणून हाच आकडा धरा. याच्या दीडपट-दुप्पट परताव्याची 'हमी' देणारा माणूस कितीही ओळखीचा असला तरी संशयितच. दादरच्या टोरेस या दागिन्यांच्या दुकानाने तर आठवड्याच्या हिशेबाने परतावा कबूल केला होता. जानेवारी २०२५ मध्ये दुकानाचं दार बंद झालं आणि गुंतवणूकदार रस्त्यावर जमले. दुसरी गोष्ट, बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. एक टक्का जादा व्याजामागे निवृत्तीची अख्खी रक्कम पतसंस्थेत टाकण्याआधी हा फरक समोर ठेवा.

तोतया पोलिस: "आजी, पुढे चोरी झालीये, दागिने काढून पिशवीत ठेवा." सकाळी फिरायला किंवा देवळात निघालेल्या बायकांना रस्त्यात असं अडवतात. पोलिस कधीही दागिने काढायला सांगत नाहीत. दागिने पॉलिश करून देतो म्हणत दारात येणाऱ्यालाही उंबरठ्याबाहेरूनच परत पाठवायचं.

पहिली पायरी: पैसा शून्य, मान शाबूत

हे उपाय प्रत्येक घरात व्हायला हवेत, धोका असो वा नसो. ते तुम्ही स्वतःच्या फोनवरही त्याच वेळी करा, म्हणजे आईला "फक्त माझ्यावरच अविश्वास" असं वाटणार नाही.

१. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते तपासा. अनोळखी नंबर असेल तर तिथेच कळवा. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं.

२. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. अंगठ्याच्या ठशावरून पैसे काढण्याचे प्रकार त्याने थांबतात. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी ठसा किंवा चेहरा द्यायचा असेल, तेव्हा तात्पुरतं उघडा. खर्च शून्य.

३. डेबिट कार्डावरचे परदेशी व्यवहार बंद, ऑनलाइन व्यवहार गरज नसेल तर बंद, एटीएमची रोजची मर्यादा पाच-दहा हजार. बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत होतं. खर्च शून्य.

४. यूपीआयची रोजची मर्यादा गरजेपुरती खाली आणा. आणि एकच धडा घोकवा: पैसे घेताना पिन लागत नाही. पिन टाकला, म्हणजे पैसे गेले.

५. चार क्रेडिट माहिती कंपन्यांपैकी प्रत्येकीकडून वर्षाला एक संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. आईच्या नावावर न घेतलेलं कर्ज त्यात दिसतं.

६. बँकेचे एसएमएस अलर्ट चालू आहेत का पाहा. काही बँका तिमाहीला दहा-पंधरा रुपये आणि जीएसटी घेतात. ते वाचवू नका.

७. नंबरांची ओळख करून द्या. बँकांचे सेवाविषयक फोन १६०० ने सुरू होणाऱ्या मालिकेतून आणि जाहिरातीचे १४० ने सुरू होणाऱ्या मालिकेतून यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. साध्या दहा अंकी मोबाइलवरून "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्यायचा. बँकांची संकेतस्थळंही आता 'डॉट बँक डॉट इन'ने संपतात.

८. घराचा एक खुणेचा प्रश्न ठरवा. नातवाच्या आवाजात "आजी, अपघात झालाय, पैसे पाठव" असा फोन आला, तर तिने विचारायचं: आजोळच्या गाईचं नाव काय होतं? आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्राला ते माहीत नसतं.

दुसरी पायरी: वर्षाला चार-पाच हजारांच्या आत

इथे पैशाची रचना बदलायची आहे, मालकी नाही. रचना अशी की फसले तरी थोडकंच जावं.

रोजच्या खर्चाचं वेगळं खातं. पेन्शन जिथे येते, त्या खात्यावर यूपीआय आणि नेटबँकिंग ठेवू नका. दुसऱ्या खात्यात महिन्याला दहा-पंधरा हजार जातील अशी स्थायी सूचना द्या, यूपीआय त्याच खात्याला जोडा. स्टेट बँकेसह अनेक सरकारी बँकांच्या बचत खात्यात किमान शिल्लक ठेवण्याची अट नाही. खर्च म्हणजे कार्डाचं वार्षिक शुल्क, साधारण दोन-तीनशे रुपये. कार्ड नकोच म्हटलं तर तेही नाही. ही सर्वांत फायद्याची सोय आहे. आईला स्वतःच्या पैशासाठी कोणाला विचारावं लागत नाही, आणि एक चूक झाली तरी महिन्याचा खर्च जातो, आयुष्याची पुंजी जात नाही.

बँकेचा नंबर साध्या फोनवर. खात्याशी जोडलेलं सिम बटणांच्या फोनमध्ये ठेवा, व्हॉट्सॲप दुसऱ्या नंबरावर. स्मार्टफोनमध्ये घातक फाइल शिरली तरी ओटीपी तिच्या हाती लागत नाही. यूपीआयला मात्र नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये लागतं, म्हणून रोजच्या खर्चाच्या खात्याला व्हॉट्सॲपचा नंबर द्या आणि पेन्शनच्या खात्याला साध्या फोनचा. फोनचे दीड-दोन हजार एकदाच. फक्त कॉल आणि एसएमएसचं ८४ दिवसांचं रिचार्ज साडेचारशे-पाचशेच्या आसपास पडतं, म्हणजे वर्षाला सुमारे दोन हजार.

यूपीआय सर्कल. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०२४ मध्ये ही सोय आणली. आई दुकानात कोड स्कॅन करते, पैसे तुमच्या खात्यातून जातात. एका प्रकारात प्रत्येक व्यवहाराला तुमची मंजुरी लागते. दुसऱ्यात महिन्याला १५ हजारांपर्यंत ती स्वतः खर्च करू शकते. खर्च शून्य, पण पहिल्या प्रकारात मानाची किंमत मोठी: तिने घेतलेला प्रत्येक गजरा तुमच्या फोनवर दिसतो. शक्यतो दुसरा प्रकार निवडा.

मोठ्या ठेवी शाखेतच. मुदत ठेव मोबाइलवरून मोडता येणार नाही असं शाखेत लिहून द्या. मोठ्या ठेवीला 'दोघांच्या सहीने' ही पद्धत निवडली, तर घाबरवून ठेव मोडवणं अवघड होतं. 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' यात दुसऱ्या नावाच्या माणसाला पूर्ण मोकळीक मिळते. मुलगा कितीही सज्जन असला, तरी ही मोकळीक समजून उमजूनच द्यायची. 'पहिला किंवा हयात' यात पहिल्याच्या हयातीत दुसऱ्याला हात लावता येत नाही. वारसाला पैसे सहज मिळावेत एवढाच हेतू असेल, तर नामनिर्देशन पुरे. ते मोफत असतं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात.

घरपोच बँक. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरी सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे. सरकारी बँकांत फेरीमागे साधारण शंभराच्या आत खर्च येतो. हयातीचा दाखला पोस्टमन घरी येऊन करतो, त्याचे ७० रुपये. स्वतःच्या फोनवर चेहरा दाखवून केला तर काहीच नाही. सायबर कॅफेतल्या अनोळखी माणसाच्या हाती आधार आणि ओटीपी देण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

सायबर विमा. लाखभर रुपयांच्या संरक्षणाला वर्षाला काही शे रुपये पडतात. घेण्याआधी एकच कलम शोधा: ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला किंवा स्वतः रक्कम पाठवली, तर भरपाई मिळते का? ज्येष्ठांची फसवणूक बहुतेक अशीच होते. उत्तर 'नाही' असेल, तर ते पैसे वाचवा.

नको असलेली विमा पॉलिसी हीसुद्धा एक गळती आहे. ठेव करायला गेलेल्या काकांना वीस वर्षं हप्ते भरायची पॉलिसी चिकटवलेली असते. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. मुद्रांक, वैद्यकीय तपासणी असे किरकोळ खर्च कापून बाकी रक्कम मिळते. त्यानंतर विमा कंपनीकडे तक्रार आणि तिथे दाद न लागल्यास विमा लोकपाल, दोन्ही मोफत.

तिसरी पायरी: विस्मरणाची शंका असेल तर

पैशाच्या व्यवहारातली गडबड हे स्मृतिभ्रंशाचं सुरुवातीचं लक्षण असू शकतं. पण ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही माणूस तसाच वागतो, आणि या गोष्टी बऱ्याच अंशी सुधारतात. म्हणून आधी डॉक्टर, मग बँक. मुंबई-पुण्यात खासगी तज्ज्ञाची पहिली भेट साधारण हजार ते दोन हजार, रक्ताच्या तपासण्या हजार-दीड हजार, गरज पडल्यास एमआरआय पाच-दहा हजार. सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत हेच नाममात्र शुल्कात होतं. मोजावा लागतो तो वेळ.

निदान लवकर व्हायला हवं, याचं एक कायदेशीर कारणही आहे. कुलमुखत्यारपत्र देणाऱ्या व्यक्तीची समज गेली, की भारतीय करार कायद्यानुसार ते पत्रच संपुष्टात येतं. म्हणजे ज्या दिवसासाठी ते करून ठेवलं, नेमक्या त्याच दिवशी ते निकामी. मुद्रांक आणि वकील मिळून काही हजारांत होणाऱ्या या कागदावर विसंबून राहू नका. आई स्वतः समजून सही करू शकते तोवर संयुक्त खाती, नामनिर्देशन, मृत्युपत्र ही व्यवस्था पूर्ण करा. ती वेळ टळली, तर पालकत्वासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. वकिलाचा खर्च हजारांत सुरू होऊन लाखावर जाऊ शकतो आणि कित्येक महिने जातात.

या पायरीवरही सगळं काढून घेऊ नका. पाकिटात रोख हजार रुपये आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे खातं, एवढं बऱ्याच जणांना पुष्कळ काळ सांभाळता येतं.

फसवणारा घरातला असेल तर

हा भाग कोणाला वाचायला आवडत नाही. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडाला बक्षीसपत्राने द्यायचं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. स्थानिक अधिभार आणि इतर खर्च वेगळे. नात्यातल्या लोकांच्या सोयीसाठी केलेली ही सवलत, दबावाखाली सही घेणाऱ्यालाही तितकीच सोयीची आहे. आजोबांना हयातीत घर नावावर करून द्यायचंच असेल, तर त्या कागदात सांभाळ करण्याची अट स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून तो व्यवहार रद्द करून घेता येतो. अर्ज साध्या कागदावर, वकिलाशिवायही करता येतो. सगळ्यांत सुरक्षित मार्ग मात्र मृत्युपत्राचा: त्याला मुद्रांक शुल्क नाही आणि मन बदललं तर ते बदलता येतं.

घरात होणाऱ्या छळाबद्दल किंवा फसवणुकीबद्दल सल्ला हवा असेल, तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ मोफत आहे.

पैसे गेलेच तर

पहिला तास: आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. "असं कसं केलंस?" हा प्रश्न नंतर, खरं तर कधीच नको. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचं नाव हाताशी ठेवा. चोरीची रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात पळत असते; मधल्या एखाद्या खात्यात ती असेपर्यंत गोठवता येते. लगेच बँकेच्या क्रमांकावर फोन करा, तो कार्डाच्या मागे छापलेला असतो, गूगलवर शोधू नका. तिथेही खोटे नंबर असतात. एपीके उघडली असेल तर फोन विमान मोडवर टाका आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. चॅट, फोटो, कॉलची नोंद काहीही पुसू नका.

पहिला दिवस: राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, तिचा क्रमांक लिहून घेणं, शाखेत लेखी तक्रार आणि त्याची पोच. पोलिस ठाण्यात गुन्हा कोणत्याही हद्दीत नोंदवता येतो. खर्च शून्य.

पहिले तीन दिवस: रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हिशेब दिला आहे. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची माहिती बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात दिली, तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजार. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. तक्रारीनंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. म्हणून चूक आईची असली तरी तक्रार त्याच मिनिटाला.

बँकेने ३० दिवसांत समाधान केलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. मोफत, वकील लागत नाही, चौकशीसाठी १४४४८. गोठवलेली रक्कम सोडवून घ्यायला न्यायालयात अर्जाची वेळ येऊ शकते. अशा वेळी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो, म्हणजे आई, आजी, मावशी सगळ्याच त्यात बसतात. हेल्पलाइन १५१००.

आणि दुसऱ्या फेरीपासून सावध राहा. महिन्याभरात कोणीतरी "तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, दहा टक्के शुल्क आधी भरा" म्हणून फोन करेल. पैसे परत देण्यासाठी पैसे मागणारा माणूस पहिल्याच टोळीतला किंवा तिचा भाऊबंद.

विषय कसा काढायचा

"तुला काही कळत नाही" या सुरात सुरुवात झाली, तर वरची एकही पायरी चढता येणार नाही. बातमीतल्या एखाद्या प्रकरणावरून बोला, मत विचारा: "बाबा, असा फोन आला तर तुम्ही काय कराल?" अनुभवी माणसाला सल्ला द्यायला आवडतं, आणि तसा देताना तो स्वतःशीच ठरवून टाकतो. सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिक संघात सायबर पोलिसांचं व्याख्यान ठेवा. मुलाने सांगितलेलं उडवून लावणारे काका पोलिस निरीक्षकाचं मात्र लिहून घेतात.

एक करार मात्र आजच करा, दोन्ही बाजूंनी. आईने कबूल करायचं की पैशाविषयीचा घाईचा कुठलाही फोन आला, तर पैसे देण्याआधी घरातल्या एकाला सांगेन. तुम्ही कबूल करायचं की तिने सांगितलं, अगदी पैसे गेल्यावर सांगितलं, तरी तिच्यावर ओरडणार नाही आणि शिक्षा म्हणून फोन किंवा पासबुक काढून घेणार नाही. या कराराला मुद्रांक लागत नाही. मोडला तर तो तुमच्या बाजूने मोडता कामा नये, कारण पुढच्या वेळी १९३० ला फोन पहिल्या तासात जातो की चौथ्या दिवशी, हे त्यावरच ठरणार आहे.